वॅगनचं तेल कोण पितं?

१

बुधवारी दुपारी तीन वाजता, बेचाळीस डिग्री उन्हात, आमच्या यालूना गावाची वॅगन कार टेकडीच्या चढावर बसली. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी काही उचलायची नाही. शेवटी ती मागे घरंगळायला लागली, तेव्हा गाडी चालवणाऱ्या स्टाव्रोसने हँडब्रेक ओढला आणि उतरून चाकामागे दगड लावला.

मागच्या सीटवर कीथ ट्रेगेंझा होता. वय एकोणऐंशी, दोन्ही मूत्रपिंडं निकामी, नुकताच डायलिसिस करून निघालेला. त्या उन्हात तो माणूस दोन तास बसला. एका गव्हाच्या ट्रकने त्यांना आणलं तेव्हा कीथचा चेहरा राखेच्या रंगाचा झाला होता.

ही वॅगन कुणा एकाची नाही. तेवीस वर्षांपूर्वीची ऑटोमॅटिक गाडी, गावाने केक आणि मेंढ्यांची लोकर विकून घेतलेली. सोमवार, बुधवार, शुक्रवार ती कीथला पोर्ट लिंकनला नेते. एकशेचाळीस किलोमीटर जायचे, तेवढेच यायचे. इकडे ना बस, ना रेल्वे. कीथ कुणाच्या खासगी गाडीत बसत नाही, त्याला उपकार नकोत. गावाच्या गाडीत मात्र बसतो, कारण ती घेताना त्यानेही तीन मेंढे दिले होते. म्हणजे वॅगन बंद तर मशीन बंद, आणि मशीन बंद तर कीथ बंद. इतका सरळ हिशोब आहे.

गुरुवारी सकाळी गाडी-समितीची बैठक होती. मी हॉलचं गेट ढकलून आत गेले, बाजूच्या दारातून खोलीत शिरले, तरी कुणाचं लक्ष नाही. अध्यक्ष ग्रॅहम फित्झनर माझ्याकडे पाठ करून बोलत होता.

"मासेमारीची बोट ओढली त्याने वॅगनला लावून. गिअरबॉक्सची वाट लावली. वर गावाच्या नावावर गिअरचं तेल उचलून स्वतःच्या बोटीत ओततोय. मासेवाल्याच्या हातात गाडी दिली की असंच होणार!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. स्टाव्रोस कलाफातीस नऊ वर्षं ही गाडी चालवतोय, फुकट, पहाटे पाचला उठून.

"हे त्याच्या तोंडावर बोललास का रे?" मी विचारलं.

ग्रॅहम दचकून वळला. पेट्रोल पंपवाली ट्रूडी तर खुर्चीतून उडालीच. "अगं नोलीन! तू कधी आलीस?"

"तुम्ही त्याची सालं काढायला सुरुवात केलीत तेव्हा."

"बरं झालं आलीस," ग्रॅहम म्हणाला. त्याला लाजबीज वाटत नाही. "निर्णय झालाय. स्टाव्रोसकडून किल्ली काढून घेतली. मेकॅनिकला फोनवर लक्षणं सांगितली, तो म्हणाला, गिअरबॉक्स संपला. शनिवारी अकराला भंगारवाला येतोय."

२

मी एकतीस वर्षं शाळेची बस चालवली. मागच्या बाकावर च्युइंगगम कुणी चिकटवलं हे आरशात न बघता सांगायचे. बसची देखभालही माझी मीच केली. तेव्हा फोनवरून मेलेला गिअरबॉक्स मला पटणार नव्हता.

वॅगन ओढून हॉलमागच्या शेडमध्ये ठेवली होती. शेडला कुलूप नाही, स्टाव्रोसकडून काढून घेतलेली किल्ली तिथल्याच खिळ्याला, गाडीची दारं उघडी. यालूनात कुणी काही बंद करत नाही, तोंडसुद्धा.

मी इंजिन चालू केलं, तापू दिलं आणि चालू इंजिनावरच गिअरची डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची पट्टी, काढली. टोकाला जेमतेम ओल. बोटावर घेऊन बघितलं, तर तेल लालभडक, जळका वास नाही. गिअरबॉक्स आतून जळला असता तर तेल काळं पडलं असतं, नाकाला झोंबलं असतं. म्हणजे गिअरबॉक्स धडधाकट होता, फक्त तहानलेला होता. आतल्या तेलाच्या दाबावरच तो चाकं ओढतो. तेल कमी पडलं की घसरतो, आणि चढावर तर हमखास.

मग मी गाडीखाली आडवी झाले. एक थेंब गळती नाही. रेडिएटरचं पाणी स्वच्छ, त्यात तेल उतरलेलं नाही. धूरही नाही. म्हणजे तेल जळत नव्हतं, गळत नव्हतं, मुरत नव्हतं, आणि तरी नाहीसं होत होतं.

मागे ट्रेलर लावायचा लोखंडी गोळा मात्र घासून चकाकत होता. बोट ओढल्यासारखा.

मी तडक पंपावर गेले. ट्रूडी गिऱ्हाइकांसाठी मटणाचे पाय गरम करत होती, म्हणजे आतून सारण भरलेले पेस्ट्रीचे वडे.

"किती बाटल्या नेल्या स्टाव्रोसने?"

"जवळजवळ महिनाभरात अकरा, अर्ध्या लिटरच्या. प्रत्येक खेपेच्या आदल्या संध्याकाळी मी एक शेडमध्ये ठेवायची. गळती असेल म्हणाला."

"आणि परवा?"

ट्रूडीने मान खाली घातली. "सोमवारी ग्रॅहम येऊन सांगून गेला, याला आता एक बाटली द्यायची नाही. मी नाही ठेवली."

"म्हणजे बुधवारी तो तेलाशिवाय गेला. स्टाव्रोसला कळवलंस?"

"ग्रॅहम म्हणाला, कळवू नकोस, बघू काय करतो ते."

बघू काय करतो ते! एका आजारी म्हाताऱ्याला पाठीमागे बसवून हे बघत होते. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"आणि त्या ट्रेलरच्या गोळ्याचं काय?"

"ते मी गं," ट्रूडी रडकुंडीला आली. "जत्रेचा स्टॉल वॅगनमागे लावून आणला होता, गव्हाच्या सायलोपासून हॉलपर्यंत. चारशे मीटर. ग्रॅहम बोट बोट करायला लागला, मग माझी सांगायची हिंमतच झाली नाही."

चारशे मीटरने गिअरबॉक्स मरत नाही. बोटीची गोष्ट तिथेच बुडाली. पण अकरा बाटल्या गेल्या कुठे?

३

स्टाव्रोस घरामागे मासे साफ करत होता. हा माणूस तसा एका माशाच्या मापावरून कौन्सिलपर्यंत भांडणारा. मला वाटलं, आता ग्रॅहमच्या सात पिढ्यांचा उद्धार ऐकायला मिळणार.

"ऑलिव्ह खा," तो म्हणाला. एवढंच.

"तेल कुठं जायचं, स्टाव?"

"काय माहीत."

"तू कधी बघायचास?"

"लिंकनला. हॉस्पिटलच्या आवारात, इंजिन चालू ठेवून. दर वेळी कमी. दर वेळी अर्धा लिटर घालायचो, परत येताना गाडी लोण्यासारखी यायची. पुढच्या खेपेला पुन्हा कमी." त्याने भिंतीकडे बोट केलं. तिथे एक मोठा पुठ्ठा उभा होता. "आठवडाभर गाडीखाली अंथरला. बघ, एक डाग नाही."

"बुधवारी घातलं नाहीस?"

"बाटली नव्हती. त्यात कीथचा रक्तदाब उतरला, त्याला सोडून दुकानात कसा जाऊ? एक खेप निघेल म्हटलं."

"मग हे सगळं ग्रॅहमला सांग ना! तुला चोर म्हणतायत ते!"

"म्हणू दे."

"काय?"

"बोट ओढली म्हण, तेल चोरलं म्हण. काय म्हणायचं ते म्हण आणि मला मासे साफ करू दे, नोलीन."

त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. कुठंतरी पाणी मुरत होतं. भांडकुदळ माणूस भांडत नाही, तेव्हा तो कुणाला तरी पाठीशी घालत असतो. हे मला बसच्या मागच्या बाकांनी शिकवलंय.

पण स्टाव्रोसला ना बायको, ना मूल. तो घालणार तरी कुणाला पाठीशी?

४

शुक्रवारी कीथची पाळी होती. मी माझी जुनी युट, हाताने गिअर बदलायची पिकअप गाडी, घेऊन पावणेसहाला त्याच्या दारात उभी राहिले. त्याचं घर हॉलच्या समोरच.

"मी नाही येत," तो व्हरांड्यातून म्हणाला. "तुझी गाडी आहे."

"मुकाट्याने बस, कीथ ट्रेगेंझा. तुझ्या दोन्ही मुलींना मी नऊ वर्षं बसमधून नेलंय. तेव्हा नाही म्हणाला नाहीस."

तो हसला. मी पाण्याची बाटली भरायला मागच्या नळावर गेले. नळाशेजारी खुंटीला एक पिचकारी टांगली होती, मेंढ्यांच्या घशात जंताचं औषध सोडायची, लांब नळीची. धुऊन पुसून लख्ख. कीथने मेंढ्या विकून सहा वर्षं झाली.

परत आले तर युटचं बॉनेट उघडं, आणि कीथ आत वाकलेला.

"तेल बघितलं तुझं. बरोबर आहे," तो हात पुसत म्हणाला. "तेल नेहमी पहाटे बघावं, इंजिन गार आणि बंद असताना. माझ्या बापाने ट्रॅक्टरवर शिकवलेलं, सत्तर वर्षं चुकलेलो नाही. पण तुझ्या गाडीला एकच पट्टी कशी गं? वॅगनला दोन आहेत."

वॅगनची ती दुसरी पट्टी गिअरच्या तेलाची.

त्याच क्षणी समोर हॉलचं गेट वाऱ्याने उघडलं आणि मिटलं. आवाज नाही. ते गेट वीस वर्षं गाढवासारखं ओरडत आलंय. गुरुवारी मी त्याच गेटातून आत गेले आणि ट्रूडी खुर्चीतून उडाली होती, कारण तिला गेट ऐकूच आलं नव्हतं. मी रस्ता ओलांडला आणि बिजागरीवरून बोट फिरवलं.

बोट लाल झालं.

५

रस्ताभर कीथच बोलत होता.

"तुला म्हणून सांगतो, नोलीन. मी नर्सशी बोललोय. पुढच्या आठवड्यापासून येणं बंद करावं म्हणतो."

"बंद म्हणजे?"

"बंद म्हणजे बंद. माझ्यापायी गाव वेठीला धरलंय. बुधवारी स्टाव उन्हात उभा राहून मला टोपीने वारा घालत होता, स्वतः सत्तरीचा माणूस. त्याच्या नावाला बट्टा लागला तोही माझ्यामुळेच. आणि मी काय करतो कुणासाठी? नुसता बसून जातो, बसून येतो." तो खिडकीबाहेर बघत राहिला. "निदान गाडीकडे तरी लक्ष ठेवायचो. आता तीही गेली."

मशीनशिवाय त्याच्याकडे फार तर दोन आठवडे होते, हे तोही जाणत होता आणि मीही.

तो मशीनवर असताना मी गिअरचं तेल घेतलं. परत येऊन त्याला घरी सोडलं आणि तशीच स्टाव्रोसकडे गेले.

"कीथ तेल काढायचा," मी म्हणाले. "पिचकारीने, पट्टीच्या नळीतून. तुला कधी कळलं?"

त्याने सुरी खाली ठेवली. मग म्हणाला, "बुधवारी सकाळी तो गेटच्या बिजागरीला लाल तेल लावत होता. तेव्हा डोक्यात शिरलं नाही. चढावर बसलो, पट्टी काढली, कोरडी. तेव्हा प्रकाश पडला. म्हटलं, आता याला चांगला झाडतो. तर मागून हा म्हणतो, स्टाव, मी आता थांबावं म्हणतो."

"म्हणून तू गप्प?"

"त्याला कळलं की गाडी त्याच्याच हाताने बसली, तर तो सोमवारी येईल? तू सांग."

"आणि तुझी अब्रू?"

"माझी अब्रू मी सांभाळीन. त्याला लिंकनला कोण नेणार ते बघ."

मला त्या क्षणी स्टाव्रोसचा राग आला, कीथचा आला, आणि ग्रॅहमचा तर इतका की त्याच्या घरावरून गाडी चालवत जावं. कीथला वाचवायचा तर स्टाव्रोस चोर ठरत होता. स्टाव्रोसला सोडवायचा तर कीथ हातचा जात होता. आणि शनिवारी अकराला भंगारवाला येत होता.

६

शनिवारी सकाळी मी शेडमध्ये गेले. वॅगन चालू केली, तापवली, आणि चालू इंजिनावर थोडं थोडं तेल घालत खुणेपर्यंत आणलं. मग सायलोच्या चढावर नेली. एकदाही घसरली नाही. पोरीसारखी चढली म्हातारी.

अकराला हॉलसमोरच्या आवारात, गेटाच्या आत, भंगारवाल्याचा ट्रक उभा होता आणि निम्मं गाव जमलं होतं. मी वॅगन ट्रकच्या नाकासमोर आणून थांबवली आणि खाली उतरले.

"मेलेला गिअरबॉक्स बघून घ्या," मी म्हणाले.

ग्रॅहमचं तोंड उघडं ते उघडंच. "कसं काय?"

"तेल कमी होतं, इतकंच. फोनवर निदान करण्याआधी पट्टी काढून बघितली असतीस तर कळलं असतं. स्टाव्रोस ते दर खेपेला भरत होता, म्हणून गाडी चालत होती. सोमवारी तू तेल बंद केलंस आणि बुधवारी गाडी बसली. कीथला उन्हात बसवणारा हात तुझा आहे, ग्रॅहम. लाज वाटत असेल तर ती आत्ता दाखव."

लोक कुजबुजायला लागले. ग्रॅहम लाल झाला, पण हटला नाही.

"ठीक आहे! मग अकरा बाटल्या तेल गेलं कुठं? ते सांग. गाडीने प्यायलं? कुणीतरी काढलं ना? सांगत नसशील तर मी स्टाव्रोसच समजणार."

"कुणी चोरलं नाही," मी म्हणाले. "बघण्यात चूक झाली. इंजिनचं तेल बंद गाडीत बघतात. ऑटोमॅटिक गिअरचं तेल बघायचं ते गरम, चालू इंजिनावर. गाडी बंद केली की वरचं तेल खाली उतरतं आणि पट्टीवर भरमसाट दिसतं. ट्रॅक्टरवर वाढलेला कुणीही म्हणेल, बाप रे, जास्त झालंय, काढायला हवं. आणि चांगल्या मनाने काढेल. तुमच्यातले निम्मे हेच करतील."

"पण केलं कुणी?"

"ते मी सांगणार नाही."

"म्हणजे स्टाव्रोसने!"

मी स्टाव्रोसकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता. चिडून मी तोंड उघडणार, तेवढ्यात मागून आवाज आला.

"चालू इंजिनावर?"

कीथ रस्ता ओलांडून आला होता. गेट वाजलं नव्हतं, त्यामुळे तो कधीपासून मागे उभा होता कुणालाच कळलं नव्हतं.

"चालू इंजिनावर बघायचं असतं?" त्याने पुन्हा विचारलं. अगदी हळू.

मी मान डोलावली. कीथने टोपी काढली.

"म्हणजे मी," तो म्हणाला. "दर सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी, स्टाव यायच्या आधी. जास्त दिसायचं म्हणून काढायचो. वाया जाऊ नये म्हणून गावातल्या गेटांना लावलं. हॉलचं, चर्चचं, शाळेचं. मला वाटलं, ही गाडी मला जगवते, तर तिच्यासाठी मी एवढं तरी करावं."

कीथ स्टाव्रोसकडे वळला.

"तुला माहीत होतं?"

"बुधवारपासून."

"आणि तू चोर म्हणवून घेतलंस?"

"नऊ वर्षं तुझी तीच तीच मेंढ्यांची गोष्ट ऐकतोय," स्टाव्रोस म्हणाला. "चोर म्हणवून घेणं त्यापुढे काही नाही. सोमवारी पावणेसहा."

"सोमवारी मी..."

"पावणेसहा, कीथ. आणि बॉनेटला हात लावलास तर बोटं छाटीन."

कीथ घराकडे गेला. दार लावून घेतलं. यालूनात मी पहिल्यांदाच कुणाला दार लावताना बघितलं.

७

भंगारवाला रिकाम्या ट्रकनिशी परत गेला. ग्रॅहमने वॅगनची किल्ली माझ्याकडून घेऊन पुन्हा शेडमधल्या खिळ्याला लावली आणि "गैरसमज झाला" असं म्हणाला, तेही ट्रूडीला. स्टाव्रोसची माफी त्याने मागितली नाही, आजतागायत नाही. रविवारी मी घासलेट आणि फडकं घेऊन हॉलच्या गेटाच्या बिजागऱ्या घासून पुसून कोरड्या केल्या. म्हटलं, कीथ यापुढे आला की गावाला आधी कळलं पाहिजे.

सोमवारी साडेपाचला मी शेडमध्ये गेले. स्टाव्रोसने वॅगन चालू करून तापत ठेवली होती. पावणेसहा झाले. सहाला पाच कमी झाले. समोरच्या घरात दिवा दिसत नव्हता. स्टाव्रोसने दोनदा घड्याळ बघितलं आणि तिसऱ्यांदा बघायचं टाळलं.

आणि हॉलचं गेट गाढवासारखं ओरडलं.

कीथ आला तो कुरकुरतच. डब्यात सँडविच, डोक्यावर टोपी, हात खिशात. "कुणी धुतलं ते बिजागर? इतकं चांगलं तेल लावलं होतं. पुन्हा लावायला लागणार."

"ते नंतर," स्टाव्रोसने बॉनेट वर केलं आणि गिअरची पट्टी त्याच्या हातात दिली. "इंजिन चालू आहे, गरम आहे. बघ आणि सांग."

कीथने पट्टी पुसली, घातली, काढली, उजेडाकडे धरली. बराच वेळ बघत राहिला.

"बरोबर आहे," तो म्हणाला, आणि मागचं दार सोडून पुढच्या सीटवर जाऊन बसला.